पाद्रीबाबाचं घर

आमच्या गावात मयताची व्यवस्था बघणारा माणूस आग लागली की विझवायलाही येतो, हे कळलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला आणि चीफला विचारलं, "तुम्ही माझी चेष्टा करताय ना?"

चीफ म्हणजे आमच्या फायर डिपार्टमेंटचा प्रमुख. त्याचा खरा धंदा सफरचंदांचा. बागेतून उठून यायचा तो बुटांना चिखल घेऊनच. त्याला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "चेष्टा कसली? तो धडधाकट आहे, त्याच्याकडे पिकअप आहे, आणि मुख्य म्हणजे तो दिवसा गावात असतो." दिवसा गावात असणं ही तिथे फार मोठी लायकी होती. बाकीची माणसं गव्हाच्या शेतांत नाहीतर बागांत पांगलेली असायची.

घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, जो शेवटी पेटीत घालणार, तोच आधी वाचवायला येतो! त्याचा इंटरेस्ट नक्की कशात आहे?" नवरा हसून हसून लोळला. मला अजिबात हसू आलं नाही. आपल्याकडे कुणी अर्धं मयत टाकून आगीकडे धावला असता, तर लोकांनी त्यालाच चितेवर ठेवला असता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा डॉक्टर, तिथल्या लहानशा हॉस्पिटलात. वॉशिंग्टन राज्य म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो, पण तो डोंगरापलीकडे. आमच्या बाजूला कोरडं ठणठणीत ऊन, गहू आणि सफरचंदं. सगळ्यांत जवळचं मराठी कुटुंब रेडमंडला, म्हणजे घाट ओलांडून. बर्फ पडलं की घाट बंद, आणि घाटाबरोबर मराठीही बंद. लग्नाआधी मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं, फायर स्टेशनला फोन सांभाळायला माणूस हवाय. मी गेले. चीफने माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "तुमचं ऐकतील हे लोक."

हे लोक म्हणजे दोन जाती. एक व्हॉलंटियर: शेतकरी, खाटीक, शाळेची बस चालवणारा, आणि तो मयतवाला. कंबरेला पेजर. तो वाजला की हातातलं काम टाकून, आपापल्या गाड्या घेऊन थेट आगीच्या ठिकाणी पोचायचे, पैसा न घेता. दुसरे रेसिडेंट: स्टेशनच्या माडीवर राहणारी कॉलेजची मुलं, सगळी बाहेरगावची. खोली फुकट, बदल्यात पाळीप्रमाणे ड्यूटी. बंब धुवायचा, पाइप गुंडाळायचे, वर्दी आली की बंब घेऊन निघायचं. व्हॉलंटियर त्यांना 'भाडेकरू' म्हणायचे. रेसिडेंट त्यांना काय म्हणायचे ते मी इथे लिहिणार नाही.

दोघांत मेळ घालणं हे माझं काम. पाळ्या लावायच्या, सरावाचे दिवस ठरवायचे, भांडणं मिटवायची. आमच्या भागात आगीचा फोन तेव्हा थेट स्टेशनवर यायचा. दिवसा तो मी उचलायचे, बटण दाबून सगळ्यांचे पेजर वाजवायचे आणि रेडिओवर सांगायचे, कुठे जायचं ते. घरात सासू-सुनेचं जमवता आलेलं नाही आणि हिला ही कामगिरी, असं नवरा म्हणायचा.

सगळ्यांत मोठं भांडण बंब कुणी न्यायचा याचं. जुनी पद्धत अशी, की गावातला एखादा व्हॉलंटियर येऊन बंबात बसेपर्यंत रेसिडेंटनी थांबायचं. का? तर रस्ते त्यांनाच माहीत. मी म्हटलं, आग थांबते का? मी भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि नियम केला: घंटा वाजली की रेसिडेंटनी निघायचं, कुणासाठी थांबायचं नाही. व्हॉलंटियर कुरकुरले. मयतवाला तेवढा शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा नकाशा छान आहे. पण इथे कुणी नकाशावरून फोन करत नाही." मी ते कानाआड केलं. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई अमरावतीहून आमच्याकडे राहायला आल्या. विमानतळावरून घाट उतरून अलीकडे आलो, गाडीची काच खाली केली, तापलेला वारा आत आला आणि त्या पहिल्यांदा हसल्या. "हे तर आपलंच ऊन आहे की!" म्हणाल्या. आठवडाभरात त्यांनी सभोवार गहू बघितला आणि जाहीर केलं की गव्हाच्या गावात राहून कुरडया करायच्या नाहीत म्हणजे पाप. गहू भिजला, चीक निघाला, शिजला. सोऱ्या त्यांनी बॅगेतून आणलेलाच होता. व्हरांड्यात चादर पसरून त्यांनी कुरडया घातल्या आणि कावळे हाकायला बसल्या. इथे कावळे कमी, याचंही त्यांना वाईट वाटलं.

आमचं फारसं बोलणं नसायचं. मी सकाळी निघताना सूचना द्यायचे. "आई, फोन वाजला तर उचलू नका. आई, कुणीही आलं तरी दार उघडू नका, मी सोडून. आई, स्टोव्हला हात लावू नका, तो इलेक्ट्रिक आहे." त्या मान हलवायच्या. स्टोव्हशी त्यांचं वैरच होतं. "जाळ दिसत नाही, मग पेटलाय हे ओळखायचं कशावरून?" असं त्या विचारायच्या, आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता.

त्या दिवशी फोन आला तो एका म्हातारीचा. आवाजावरून मी ओळखलं नाही. "पाद्रीबाबाच्या घरातून धूर निघतोय," एवढं म्हणाली आणि तिने फोन ठेवला, बहुधा पुन्हा खिडकीशी बघायला पळाली. मला विचारायचं काही उरलंच नव्हतं. गावात चर्च एक, पाद्री एक, त्याचं घर चर्चला लागून. भला माणूस. मी बटण दाबलं, पेजर वाजवले, रेडिओवर तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: पाद्रीबाबाचं घर, धूर दिसतोय. माडीवरून रेसिडेंट धडधडत उतरले आणि कुणासाठी न थांबता बंब बाहेर पडला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. नियम असावा तर असा.

थोड्या वेळात रेडिओ बोलला. बंबावरचा मुलगा. "पाद्रीबाबाच्या घरी पोचलो. धूर नाही, काही नाही. पाद्रीबाबा बाहेर उभा राहून लॉनला पाणी घालतोय."

त्याचं पुरं होतंय तोच दुसरा आवाज आला. मयतवाला. "मी पाद्रीबाबाच्या घरी पोचलोय. मागच्या बाजूने दाट धूर. बंब कुठे आहे?"

मी चिडले. दोघं एकाच घरासमोर उभे, एकाला धूर दिसतो आणि एकाला पाद्री. पुन्हा तेच, भाडेकरू विरुद्ध गाववाले, आणि तेही आगीच्या वेळी! मी जरा जोरातच म्हटलं, "तुम्ही दोघं एकमेकांना दिसत नाही का? नक्की कुठे आहात ते नीट सांगा."

"पाद्रीबाबाच्या घरी!" मयतवालाही चिडला. तो एरवी कधी चिडत नसे. "नदीच्या वळणावर, जुन्या रस्त्याला. व्हरांड्यात चादर पसरलीय, तिच्यावर पांढऱ्या शेवयांची गोल गोल वेटोळी वाळत घातलीत. हे काय आहे मला माहीत नाही."

मला माहीत होतं.

पायाखालची जमीन सरकते असं आपण सहज म्हणतो. माझी खरंच सरकली. मी खुर्चीत बसलेली असूनही टेबल घट्ट धरलं. ते आमचं घर होतं. पाच वर्षं आम्ही त्यात राहत होतो, हप्ते भरत होतो, पत्रपेटीवर आमचं आडनाव होतं. आणि गावाच्या लेखी ते अजूनही पाद्रीबाबाचं घर होतं. कुठल्या, तर आमच्या आधीच्या मालकाच्याही आधी तिथे राहून मरून गेलेल्या कुण्या पाद्र्याचं. आपल्याकडे नाही का, पिंपळ पडून पिढी गेली तरी 'पिंपळापाशी थांबतो' म्हणतात. व्हॉलंटियर शब्द ऐकताच बरोबर तिकडे गेले. बंबातली मुलं बाहेरची, मीही बाहेरची. आम्ही चर्चकडे गेलो. आम्हाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? स्वतःच्या घराचं नाव घरात राहणाऱ्याला माहीत नसेल, अशी शंका कुणाच्या मनात येईल?

मी मायक्रोफोन उचलला तेव्हा पत्ता, रस्ता, काहीच तोंडातून येईना. "माझं घर," मी मुलांना म्हटलं. "माझं घर! माझं घर जळतंय!" ती आमच्याकडे कितीदा जेवली होती. "निघालो," एवढंच उत्तर आलं. पण चर्च गावाच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला, मध्ये नदी आणि एकच पूल.

मग मयतवाल्याचा आवाज एकदम हळू झाला. "बाई, आत एक म्हातारी स्त्री आहे."

"माझ्या सासूबाई आहेत. त्यांना बाहेर काढा."

"दाराला सोफा लावलाय आणि त्याला पाठ टेकून त्या बसल्यात. मी खिडकी फोडायला कुऱ्हाड उचलली, की त्या उठून आत धुराकडे पळतात. कुऱ्हाड खाली ठेवली, की परत येऊन बसतात. मी काय करू?"

मला सगळं दिसलं. त्या दिवशी गावात एक अंत्यविधी होता; चॅपलमधली तयारी टाकून तो तसाच आला असणार. अंगात काळा सूट, काळा टाय, डोक्यावर हेल्मेट, हातात कुऱ्हाड. सहा फुटांवर उंची. अमरावतीची बाई, इंग्रजीचा गंध नाही, परक्या देशात एकटी, घरात धूर, आणि काचेपलीकडे हा. यमच उभा होता दारात. मी असते तर मीही उघडलं नसतं.

मी उठून पळणार होते. उठलेही. पण स्टेशनवर दुसरं कुणी नव्हतं. चीफ बागेतून निघाला होता, तो पोचेपर्यंत रेडिओ सोडला तर मयतवाल्याला बंब सापडणार नाही आणि बंबाला मयतवाला. मी परत बसले. नवऱ्याला फोन करायचंही सुचलं नाही.

"तुमचा वॉकीटॉकी काचेला लावा," मी म्हटलं. "आवाज मोठा करा."

"लावला."

आणि मी मराठीत बोलायला लागले, त्या चॅनेलवर, सगळ्या खोऱ्यातल्या व्हॉलंटियरांच्या गाड्यांत, गोठ्यांत, दुकानांत ऐकू जाईल असं. "आई, मी बोलतेय. घाबरू नका. तो माणूस आपला आहे, फायर ब्रिगेडचा. दार उघडा."

मी बटण सोडलं. "त्या वॉकीटॉकीकडे बघताहेत," मयतवाला म्हणाला. "मान हलवताहेत. नाही म्हणताहेत."

"आई, ऐका माझं. तो मदत करायला आलाय. सोफा बाजूला करा आणि दार उघडा. प्लीज, आई, लवकर करा."

"नाही. त्यांनी पाठ फिरवली." मग, "बाई, धूर पुढच्या खोलीत आला. त्या खोकताहेत. मी आता काच फोडतो, मग होईल ते होईल."

आत पळाल्या तर परत येणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. त्यानंतर मी काय बोलले ते ठरवून बोलले नाही. ते माझ्या गळ्यातून आलं आणि ऐकणाऱ्यांपैकी सगळ्यांत जास्त मीच दचकले.

"अगं आई, ऐक ना! उघड दार! अगं उठ, उघड ना गं आई!"

माझी स्वतःची आई मी अमेरिकेत असताना गेली. ती गेल्यापासून ही 'अगं आई'ची हाक मी कुणाला मारली नव्हती. मारायची कुणाला? मी मायक्रोफोन घट्ट धरून ती पुन्हा पुन्हा मारत राहिले. मग भान आलं की बटण दाबलेलं आहे तोवर पलीकडचं काही ऐकूच येणार नाही. मी अंगठा उचलला.

काही नाही. एरवी त्या चॅनेलवर कुणी ना कुणी खाकरतं, कुणाची गाडी घरघरते. आता कुणीही बटणाला हात लावत नव्हतं. मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि मला एकाही देवाचं नाव आठवलं नाही.

मग मयतवाला बोलला, धापा टाकत. "आल्या. दार उघडून आल्या. मी धरलंय त्यांना."

मी टेबलावर डोकं टेकलं. रडू आलं नाही. चीफ आला, त्याने माझ्या हातातून मायक्रोफोन काढून घेतला. बोटं एकेक करून सोडवावी लागली त्याला. म्हणाला, "जा."

मी पोचले तेव्हा बंब अंगणात होता. मुलांनी मागच्या दाराने पाणी मारून आग आवरली होती. स्वयंपाकघराची एक भिंत आणि छत काळं ठिक्कर, ओट्यावरची कपाटं कोळसा झालेली. व्हरांड्यातल्या कुरडया पाइपच्या पाण्याने फुगून पायऱ्यांवरून वाहून चालल्या होत्या आणि एक रेसिडेंट त्या ओलांडत पाय जपून टाकत होता. नवऱ्याच्या गाडीचा हॉर्न दूर रस्त्यावर ऐकू आला; त्याला हॉस्पिटलात कुणीतरी कळवलं होतं.

सासूबाई बंबाच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. खांद्यांवर मयतवाल्याचा काळा कोट. तो शर्टाच्या बाह्या वर करून बाजूला उभा, आणि त्या मधूनमधून त्याच्याकडे अजूनही संशयाने बघत होत्या. नाकाखाली काजळी. केस सुटलेले. इतक्या लहान त्या मला आधी कधी दिसल्या नव्हत्या.

मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून मी रागावले. मला घाबरल्यावर राग येतो. "तुम्ही दार का नाही उघडलंत? मी सांगत होते ना?"

"कुरडई फुलते का बघावी म्हणून तेल ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "जाळ दिसेना. मला वाटलं, बंदच केलाय मी. बाहेर बसले कुरडया परतत, तर हा धूर. आत आले, दार लावून घेतलं, तूच सांगितलंयस म्हणून. तेवढ्यात हा." त्यांनी हनुवटीने मयतवाल्याकडे खूण केली.

"पण माझा आवाज आला ना तुम्हाला?"

"आला की. हे करा, ते करा, लवकर करा. रोज सकाळी येतो तसाच आला. मला वाटलं, हिला कुठे ठाऊक आहे इथे काय चाललंय. सांगतेय आपली नेहमीसारखं."

जळकी भिंत बघूनही बसला नव्हता असा तो धक्का होता. मी विचारलं नाही, मग कशाने उठलात म्हणून. दोघींनाही ते ठाऊक होतं आणि दोघींनाही त्याची लाज वाटत होती.

एका मुलाने पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. मी तो त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, थोडं पाणी प्या."

त्यांनी पेला घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

"विझली का आग?" त्यांनी विचारलं.

"हो, विझली. पूर्ण विझली."

"तरीच," त्या म्हणाल्या. "'प्या' म्हणालीस."